टाको खायला निघालात? आधी तव्याकडे बघा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात नवीन आलेल्या आपल्या माणसाचं साधारण एकच होतं. पहिले दोन आठवडे एल कमिनो रियलवरची डोसा-बिर्याणीची हॉटेलं पालथी घालून होतात, मग ऑफिसातलं कोणीतरी एखाद्या चेनमधे नेतं, तिथे भात-राजमा-लेट्यूसचा बोल हातात पडतो आणि माणूस ठरवून मोकळा होतो की मेक्सिकन म्हणजे हे एवढंच, त्यापेक्षा घरचा राजमा बरा. मी पण तेच ठरवलेलं, २०१२ ची गोष्ट. त्याआधी पुण्यात मॉलमधे तो कडक, यू आकाराचा, पहिल्याच घासाला मोडून शर्टावर सांडणारा टाको खाऊन झाला होता, त्यामुळे अपेक्षा मुळातच कमी.

मग एकदा रेडवुड सिटीला मिडलफील्ड रोडवर गाडीचं स्मॉग चेक (आपली पीयूसी) करायला गेलो, तिथला माणूस म्हणाला पाऊण तास लागेल, आणि शेजारच्या पार्किंगमधे एक टाको ट्रक उभा. भूक लागलेली, गेलो. कागदी प्लेट हातात आली आणि सगळ्यात आधी वास आला तो मटणाचा नाही, तव्यावर डाग पडलेल्या मक्याच्या भाकरीचा. मी सोलापूरचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला, मला हा वास कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. टाको ही मुळात भाकरीची गोष्ट आहे, आत काय घातलंय तो नंतरचा प्रश्न, हे त्या पार्किंगमधे उभ्या उभ्या कळलं आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं तिथूनच निघालेलं आहे.

उदाहरणं बे एरियातली आहेत कारण मला तेवढंच नीट माहितीये. शिकागोत पिल्सन किंवा २६व्या स्ट्रीटच्या आसपास असाल, लॉस एंजेलिसात बॉइल हाइट्सकडे असाल तरी बहुतेक सगळं लागू पडेल. टेक्ससवाल्यांनी भाकरीच्या जागी पोळी धरून चालायचं, तिकडे गव्हाच्या तोर्तियाचा वरचष्मा.

१. आधी रस्ता शोधा, दुकान नंतर

मॅपवर नुसतं "टाको" टाकलंत तर ऑफिस पार्कमधली, पांढऱ्या टाइल्सची, एका टाकोला सात डॉलर घेणारी दुकानं वर येतात. ती वाईटच असतात असं नाही, पण आपण ज्याच्या शोधात आहोत ते तिथे नसतं. त्यापेक्षा रस्ता धरा. ईस्ट सॅन होजेत स्टोरी रोड आणि किंग रोडचा भाग, अॅलम रॉक, ओकलंडमधे फ्रूटवेलचा इंटरनॅशनल बुलेवार्ड, रेडवुड सिटीचा मिडलफील्ड रोड, सॅन फ्रान्सिस्कोत मिशन नावाच्या भागातला २४वा स्ट्रीट. फ्रीमाँटवाल्यांना तर बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, सरळ फ्रूटवेल स्टेशनला उतरता येतं, गाडी आणि पार्किंगचं टेन्शनच नाही. मिशनलाही '२४वा स्ट्रीट' नावाचं बार्ट स्टेशन आहे, वर आलात की पोचलात.

रस्ता बरोबर आहे का हे ओळखायची माझी खूण अशी, की एका ओळीत टायरचं दुकान, लाँड्रोमॅट, पैसे गावाकडे पाठवायचं काउंटर आणि पनादेरिया म्हणजे त्यांची बेकरी दिसली पाहिजे. ह्या चौघांच्या मधे कुठेतरी टाकेरिया म्हणजे टाकोचं दुकान असणारच. कार्निसेरिया लिहिलेलं दुकान दिसलं तर तिथे आत जाऊन मागपर्यंत चालत जा, ते खाटकाचं दुकान-कम-किराणा असतं आणि बऱ्याचदा मागच्या कोपऱ्यात एक छोटं काउंटर असतं जिथे त्याच दुकानातलं मांस वापरून टाको करतात. बाहेरून कळत पण नाही. मला सगळ्यात चांगले दोन-तीन टाको असेच कोथिंबिरीच्या जुड्या आणि टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यांमागे मिळालेत.

रिव्ह्यूंचे स्टार बघू नका, फोटो बघा आणि शक्यतो स्पॅनिशमधले रिव्ह्यू ट्रान्सलेट करून वाचा. "सर्व्हिस स्लो, चिप्स फुकट नाहीत, एसी नाही" अशा तक्रारीचे तीन स्टार माझ्या लेखी पाच आहेत. आणि "तोर्तिया कोरड्या" असं एकाने जरी लिहिलं असेल तर पाच स्टारवालं दुकान सुद्धा सोडून द्या. दुपारी बाराला रंगाचे डाग पडलेल्या पँटवाले कामगार उभे असतील तर उत्तम, रविवारी सकाळी चर्चमधून आलेली आजी-नातवंडांसकट फॅमिली असेल तर त्याहून उत्तम. नुसती रांग बघून जाऊ नका, हल्ली रांगा रीलमुळे पण लागतात.

ट्रकवर किंवा गाडीवर खायची भीती वाटत असेल तर खिडकीपाशी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) तपासणीचा कागद शोधा. सांता क्लारा आणि अलामेडा काउंटीत हिरवा-पिवळा-लाल अशी पद्धत आहे, हिरवा असला की बिनधास्त.

२. पाटीवरचं गाव वाचा

हे कोणी सांगत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. मेक्सिको म्हणजे एकच जेवण नव्हे, आणि दुकानदार पाटीवर आपलं राज्य किंवा गाव अभिमानाने लिहितो, जसं आपल्याकडे खानावळीच्या पाटीवर कोल्हापुरी लिहिलं की तुम्ही तिथे सुरळीच्या वड्या मागत नाही. मिचोआकान दिसलं की कार्नितास मागायचं, म्हणजे डुकराचं मांस मोठ्या तांब्याच्या कढईत त्याच्याच चरबीत तास न् तास मंद शिजवलेलं. रेडवुड सिटीच्या त्या भागात मिचोआकानमधल्या आगिलीया नावाच्या गावाकडची इतकी माणसं पिढ्यान् पिढ्या येऊन राहिलीत की तिथे कार्नितास खाणं म्हणजे जवळजवळ गावी जाऊन खाणं. हालिस्को लिहिलेलं असेल तर बिरिया, मूळची बोकडाची, लाल सुक्या मिरच्यांच्या रश्श्यात. इदाल्गो असेल तर बार्बाकोआ, तिकडे खड्ड्यात घायपाताच्या भाऊबंदातल्या मागेच्या पानांत गुंडाळून मेंढी शिजवतात. तिहुआना स्टाइल म्हटलं तर कोळशावरचा कार्ने आसादा (भाजलेलं बीफ), वर ग्वाकामोलेचा मोठा गोळा. सिनालोआ किंवा नायारीत असेल तर मासे-कोळंबी, तिथे मटण मागून वेळ घालवू नका.

आणि जिथे पाटीवर टाको, पिझ्झा, बर्गर, तेरियाकी सगळंच आहे तिथून पुढे चाला.

वेळ पण बघा. बार्बाकोआ, बिरिया, मेनुदो (गायीच्या वजडीचा रस्सा) ह्या शनिवार-रविवारी सकाळच्या गोष्टी, चांगल्या ठिकाणी दुपारी एकपर्यंत संपतात. आल पास्तोर (उभ्या सळईवर भाजलेलं डुकराचं मांस) संध्याकाळनंतरचा, कारण तो सळईवरचा डोलारा लावून तापायलाच वेळ लागतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता जाऊन पास्तोर मागितलात तर कालचा उरलेला नाहीतर फ्रिजमधला तव्यावर गरम करून मिळेल आणि मग तुम्ही म्हणाल की त्याने काहीतरी भलतंच लिहिलं होतं.

३. ऑर्डर द्यायच्या आधी एक मिनिट नुसतं उभं राहा

रांगेत उभं राहून मेनू वाचायचा नाही, तवा बघायचा. तोर्तिया कुठून येतायत? प्लास्टिकच्या पुड्यातून निघून तव्यावर दहा सेकंद टेकतायत, की बाजूला कोणी पिठाचा गोळा प्रेसमधे दाबून टाकतंय? "एचास आ मानो" असा बोर्ड असेल तर हाताने केलेल्या. पुड्यातल्या असल्या तरी अगदीच निकाल लागत नाही, पण मग त्या नीट शेकल्या जातायत का, थोडं तेल किंवा मांसाची चरबी लागून मऊ होतायत का बघा. चांगल्या तोर्तियाला तपकिरी डाग असतात, शेकताना ती टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, आणि दुमडली तर घडीवर चीर जात नाही. हे सगळं आपल्याला आज्या-आयांनी शिकवून ठेवलेलंच आहे, नवीन काही नाही.

मक्याचं पीठ मात्र आपल्यासारखं कोरडं दळून करत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी साल सुटते, मग धुऊन ओलं दळतात. हो, चुना, पानात लावतो तोच. ह्याला निक्स्तामाल म्हणतात आणि हजारो वर्षांची ही युक्ती आहे. चुन्यामुळे पीठ चिकट होतं, नाहीतर मक्यात ग्लुटेन नाही, थापली की भेगाळणार, आणि मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व अंगी लागतं ते पण ह्याच्यामुळे. युरोपात मका गेला पण चुना गेला नाही, त्यामुळे इटलीसारख्या देशात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. एवढा सगळा इतिहास त्या चार बोटं रुंदीच्या भाकरीत आहे, आणि तो वास, जो पहिल्या दिवशी मला आला, तो त्या चुन्यातल्या मक्याचाच.

पास्तोर खायचा असेल तर दुसरी गोष्ट बघायची, ती सळई. तिला त्रोम्पो म्हणतात, स्पॅनिशमधे त्रोम्पो म्हणजे भोवरा, आणि मांसाचा आकार खरंच भोवऱ्यासारखा होतो. लेबनॉनकडून गेल्या शतकात मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी शावर्मा नेला, पुएब्लात त्याचे टाको झाले, पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, आचिओते नावाच्या बियांचा लाल मसाला आला, डोक्यावर अननस आला. फ्रूटवेलला एक पोरगा आहे, विशीतला असेल, तो डाव्या हातात तोर्तिया धरून त्रोम्पोच्या खाली नेतो, उजव्या हाताने सुरा वरून खाली असा फिरवतो की कडेचे जळके पातळ काप सरळ तोर्तियात पडतात, आणि शेवटी मनगटाचा एक झटका देऊन वरच्या अननसाची चकती उडवतो जी हवेतून येऊन बरोबर मधोमध बसते. दहातली एखादी चुकते आणि रस्त्यावर पडते, तेव्हा तो शांतपणे दुसरी उडवतो. जिथे त्रोम्पो कोपऱ्यात शोभेला, जाळ बंद, आणि मांस डब्यातून काढून तव्यावर परततात, तिथे पास्तोर सोडून दुसरं काहीतरी घ्या.

४. आत काय घ्यायचं

आपल्यातल्या बऱ्याच जणांना बीफ चालत नाही, काहींना पोर्क चालत नाही, त्यामुळे हे जरा नीट वाचा कारण मेनूवर ते सरळ लिहिलेलं नसतं. "रेस" म्हणजे बीफ. पण कार्ने आसादा नुसतं लिहिलं असलं तरी ते बीफच. लेंग्वा (जीभ), काबेसा (डोक्याचं मांस, वाफवलेलं), स्वादेरो (पोट आणि पायाच्या मधलं मांस), त्रिपास (आतडी) हे पण इथे बीफ. बार्बाकोआ मूळची मेंढीची असली तरी इकडे बहुतेक ठिकाणी बीफची करतात. पोर्कमधे पास्तोर, आदोबादा, कार्नितास, बुचे (जठर), चिचारोन (कातडी) आणि बहुतेक वेळा चोरिसो (सॉसेज). चिकन म्हणजे "पोयो", त्यातही "तिंगा" दिसलं तर घ्या, चिपोटले मिरचीत शिजवून तंतू काढलेलं चिकन असतं, साध्या पोयो आसादोपेक्षा कितीतरी रसाळ. "चिवो" म्हणजे बोकड, "बोर्रेगो" मेंढी. मटणवाल्यांनी "बिरिया दे चिवो" ही तीन अक्षरं पाठ करावीत (तीन शब्द म्हणायचं होतं, भूक लागली लिहिताना). सध्या सगळीकडे चीज घातलेली, रश्श्यात बुडवून खायची केसाबिरिया दिसते ती जवळजवळ नेहमी बीफची, तेव्हा "चिवो?" असं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळं खाणाऱ्यांना माझा सल्ला असा की पहिल्यांदा लेंग्वा घ्या. नावाला घाबरू नका, नीट शिजलेली जीभ लोण्यासारखी असते, आणि ज्या दुकानाची लेंग्वा चांगली त्याचं बाकी सगळं चांगलं असतं कारण सोलणं-शिजवणं खूप वेळखाऊ काम आहे, आळशी दुकानाला जमत नाही. त्रिपास घेतलीत तर "बिएन दोरादास" म्हणजे छान कुरकुरीत करा म्हणून सांगा, नाहीतर रबर चघळत बसाल.

५. शाकाहारी मंडळी

इथे खोटं सांगत नाही, थोडं अवघड आहे, पण उपाशी परत यायची वेळ येत नाही. मोठी अडचण मांसाची नाहीच, ती "मान्तेका"ची, म्हणजे डुकराची चरबी. घोटलेल्या बीन्समधे ती असू शकते, गव्हाच्या तोर्तियात असू शकते. आणि लाल भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण, पक्की शाकाहारी, एका दुकानात दोन वर्षं दर शुक्रवारी बीन्स-राइस बरीटो (पोळीत गुंडाळलेला रोल) खात होती, तिथल्या मुलाने पण कायम "व्हेज, व्हेज" म्हणून मान डोलावली, आणि एक दिवस तिने सहज बीन्स इतके चविष्ट कशामुळे लागतात विचारलं तर आतल्या काकूंनी अभिमानाने डबाच आणून दाखवला. तिने नंतर काय केलं ते लिहीत नाही.

म्हणून विचारायचं, "लोस फ्रिहोलेस तिएनेन मान्तेका?" बीन्समधे चरबी आहे का. आणि नुसतं "नो कार्ने" म्हणून थांबू नका, कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफच येतं, ते प्रेमाने चिकन घालून देतील. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका" असं पूर्ण म्हणा. "फ्रिहोलेस दे ला ओया" म्हणजे नुसते उकडलेले अख्खे बीन्स, ते त्यातल्या त्यात सेफ, तरी विचाराच.

मागायचं काय, तर नोपालेस, निवडुंगाची पानं, काटे काढून भाजलेली, चव थोडी आंबट आणि भेंडीसारखी बुळबुळीत, ज्यांना भेंडी आवडते त्यांना आवडतील. "राहास" म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, बहुतेक क्रीम किंवा चीजबरोबर. "पापा" म्हणजे बटाटा, "ओंगोस" मशरूम, "फ्लोर दे कालाबासा" म्हणजे भोपळ्याची फुलं, ज्यांची आपण भजी करतो तीच. कुठे "वित्लाकोचे" दिसलं तर सोडू नका, ती मक्यावर पडणारी काणी आहे, आपल्याकडे ज्वारीवर काणी पडली की शेतकरी डोक्याला हात लावतो आणि हे लोक तिची भाजी करून महाग विकतात. तवा मात्र तोच असतो, सगळं त्याच्यावरच परतलं जातं, ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांनी चीज-राहासचे तामाले (मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले) बघावेत, पण त्याच्या पिठातही मान्तेका असते, म्हणजे परत तोच प्रश्न विचारणं आलं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांचा क्वारेस्मा असतो, त्या काळात शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत. बऱ्याच टाकेरियात त्या दिवशी बटाट्याचे, बीन्सचे, माशाचे खास पदार्थ लावतात. शाकाहारी असाल तर पहिली ट्रिप ह्याच शुक्रवारी काढा.

६. काउंटरवर

उच्चाराची लाज बाळगू नका, ह्या बाबतीत आपण इथल्या गोऱ्यांपेक्षा फार पुढे आहोत. त्यांना ट आणि त मधला फरक कळत नाही, स्पॅनिशचा त हा आपलाच त आहे, द आपलाच द. टाको नाही, "ताको". दोन एल एकत्र आले की य, म्हणून तोर्तिया आणि पोयो. इंग्रजी जे (J) अक्षर असेल तर ह, म्हणून हालापेन्यो. एच लिहिलेला असला तरी मुका, म्हणून होर्चाता नाही, ओर्चाता. झालं, एवढंच व्याकरण.

आधी "बुएनास तार्देस" म्हणा, दुकानात शिरल्या शिरल्या सरळ ऑर्डर फेकणं तिकडे पण उद्धटपणाच समजतात. मग "मे दा दोस दे पास्तोर इ उनो दे लेंग्वा, पोर फावोर". समोरून प्रश्न येईल "कोन तोदो?", म्हणजे सगळं घालू का, तर कांदा, कोथिंबीर आणि कधी कधी साल्सा. "सी" म्हणा. चीज, लेट्यूस, सावर क्रीम मागू नका, ते मिळेल पण मांस आणि भाकरी दोन्ही त्याच्याखाली गुदमरतात. दुसरा प्रश्न "पारा आकी ओ पारा येवार?", इथे की पार्सल.

एकदम आठ-दहा मागवू नका. हे छोटे असतात, तळहाताएवढे, माणशी तीन-चार लागतात पण तीन मागवून खा आणि मग जो आवडला त्याचे परत दोन घ्या, कारण टाको तव्यावरून उतरल्यापासून चार-पाच मिनिटंच टाको असतो, नंतर ती नुसती भाजी-भाकरी. सध्या साधा टाको तीन ते चार डॉलरला पडतो. बऱ्याच ट्रकवर आधी खा मग पैसे द्या असं असतं, किती खाल्ले ते तुम्ही स्वतः सांगायचं, विश्वासाचा मामला आहे, तेव्हा मोजत राहा. कॅश ठेवा, टिपेच्या बरणीत टाका. आणि कॅमेरा काढून लगेच तिथल्या माणसांच्या तोंडावर धरू नका, विचारा, तवा-त्रोम्पोचा फोटो काढायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मिशनमधे असाल तर बरीटोचा मोह होणारच. तांब्याएवढा जाडजूड, फॉइलमधे गुंडाळलेला मिशन बरीटो तिथलाच, एल फारो नावाचं दुकान १९६१ साली आपणच पहिला केला म्हणून सांगतं. १९७३ पासून चालू असलेलं ला टाकेरिया बरीटोत भातच घालत नाही, आणि २०१७ ला त्यांना जेम्स बियर्ड फाउंडेशनचा अमेरिकाज क्लासिक्स पुरस्कार मिळाला. तिथे बरीटो "दोरादो" मागा, तव्यावर कडक करून देतात. पण नवीन दुकान तपासायचं असेल तर बरीटोवरून काही कळत नाही, सगळंच आत लपतं.

७. साल्सा, जरा जपून

पाच बाटल्या किंवा वाडगे मांडलेले असतात. आपली एक खोड असते, "हे काय तिखट खाणार, आपण कोण आहोत" म्हणून सढळ हाताने ओतायचं. ह्यात मी पण आलो. पहिल्या महिन्यात एका ठिकाणी पिस्त्यासारख्या फिकट हिरव्या, क्रीमसारख्या दिसणाऱ्या साल्साला अॅव्होकॅडोची चटणी समजून तिन्ही टाकोवर फासली आणि नंतर वीस मिनिटं एका हातात नॅपकिन, दुसऱ्या हातात कोक घेऊन पार्किंगमधे येरझाऱ्या. त्यात अॅव्होकॅडो नावालाही नव्हता, नुसत्या हिरव्या मिरच्या तेलात घुसळलेल्या होत्या. फिकट, गुळगुळीत, निरुपद्रवी दिसणारं जे असेल त्याला सगळ्यात जास्त घाबरा. "पिका मुचो?" म्हणजे फार तिखट का, असं विचारलंत तर उत्तर "पोकीतो" येतं, थोडंसं. आपण गोऱ्या पाहुण्यांना सांगतो तसलंच ते थोडंसं.

हिरवी पातळ असते ती तोमातियोची, रसभरीच्या कुळातलं कागदी टरफलातलं आंबट हिरवं फळ, ही रोजची. लाल सुकी चिले दे आर्बोलची, लवंगीची आठवण येईल अशी. सॅन होजेत केशरी साल्सा मिळेल, ला विक्टोरिया नावाच्या टाकेरियामुळे तिथल्या कॉलेजच्या पोरांचं तिच्यावर फार प्रेम. आणि कुठे काळपट तेलकट "साल्सा माचा" दिसली तर सोलापूरकरांनी हात जोडावेत, सुक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून भरडलेले, आपल्या शेंगाचटणीची दूरची चुलतबहीणच. अर्थात मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले, तेव्हा नातं जुळवायचं तर मोठं घर त्यांचं, आपण धाकटे. उलट टाकोवरचा कांदा, कोथिंबीर, लिंबू हे सगळं कोलंबसानंतर आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेलं.

पद्धत सोपी, कोपऱ्यात एक थेंब, चाखा, मग ठरवा.

८. खाणं, पिणं, बांधून नेणं

काटा-चमचा नाही. दोन तोर्तिया एकावर एक असतात, लिंबू पिळा, तीन बोटांनी दुमडा, कोपर वर, मान वाकडी, अंग प्लेटच्या वर पुढे, म्हणजे सांडलं तर प्लेटमधे. खालची तोर्तिया शेवटपर्यंत राखून ठेवा आणि प्लेटमधे जे सांडलंय ते तिच्यात भरून फुकटात आणखी एक टाको करा. बाजूला मुळ्याच्या चकत्या, भाजलेली पातीच्या कांद्याची गड्डी, गाजर-हालापेन्योचं लोणचं असतं, ते फुकट असतं म्हणून कमी समजू नका.

प्यायला आग्वा फ्रेस्का. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, तामारिंदो म्हणजे चिंचेचं, ओर्चाता तांदूळ-दालचिनीचं गोड. साल्सा अंगाशी आली तर ओर्चाताच वाचवते, कोक नाही, अनुभवाने सांगतो.

पार्सल तयार टाकोचं नेऊ नका, फॉइलमधे वाफ धरून भाकरीचा लगदा होतो. त्यापेक्षा कार्नितास किंवा बार्बाकोआ वजनावर घ्या, "उना लिब्रा", एक पाउंडात तिघांचं होतं, तोर्तियाचा गरम पुडा वेगळा, साल्सा वेगळी, आणि घरी आपल्या तव्यावर एकेक शेकून खा.

वर सांगितलं तसल्या एका किराणा दुकानाच्या मागच्या काउंटरवर तोर्तिया करणाऱ्या एक बाई आहेत, साठीच्या, प्रेस बाजूला ठेवून हाताने थापतात. दोन वर्षं मी नुसता बघत होतो. एका रविवारी गर्दी नव्हती, मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधे सांगितलं की माझी आई पण अशीच करते, दुसऱ्या धान्याची. त्यांनी काही न बोलता पिठाचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. मी आईची आठवण काढून काउंटरवर थापायला घेतला, बोटांनी कड फिरवत फिरवत, पण मका आणि ज्वारीचं पीठ हाताला वेगळं लागतं, फार पसरायचं धाडस होईना, जाडच राहिली. बाईंनी ती उचलून उजेडात धरली, आतल्या पोरींना हाक मारून दाखवली आणि म्हणाल्या, "एस्तो नो एस तोर्तिया, मिहो, एस गोर्दिता." गोर्दिता म्हणजे गुटगुटीत. मग तीच तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी शेकली, फुगल्यावर कडेने चीर देऊन आत बीन्स आणि चीज भरलं आणि कागदात गुंडाळून मला दिली, पैसे घेतले नाहीत. मेनूवर गोर्दिता दिसली तर एक घ्या.